अर्ध्या गुणाचा हिशेब : मेंदूविकारांच्या संशोधकांना खुलं पत्र

प्रति,
मेंदूविकारांवर रेणूंच्या पातळीवर काम करणारे संशोधक आणि त्यांच्या औषधांच्या चाचण्या चालवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शोधनिबंधात मी एका ओळीपुरती असते. अल्झायमरच्या औषधाची चाचणी घ्यायची तर प्रत्येक रुग्णाबरोबर त्याला नेहमी पाहणारं, त्याच्याबद्दल खात्रीनं सांगू शकणारं एक माणूस लागतं. त्याला तुम्ही 'स्टडी पार्टनर' म्हणता. माझ्या थोरल्या बहिणीसाठी ते काम मी दीड वर्ष केलं. चाचणीचं, औषधाचं, कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. माझं गाऱ्हाणं एका कंपनीविरुद्ध नाही, आणि त्या केंद्रातली माणसं आमच्याशी चांगलीच वागली.

काम काय होतं ते आधी सांगते. तुमच्यातले पुष्कळजण प्रथिनं पाहतात, स्लाइड पाहतात, उंदीर पाहतात. ती खोली मात्र अनेकांनी पाहिलेली नसेल. दर काही महिन्यांनी एक प्रशिक्षित बाई मला ताईपासून वेगळं बसवून प्रश्न विचारायच्या. तारीख-वार कळतो का? पैशांचा हिशेब जमतो का? एकटी बाहेर जाऊन हवं ते घेऊन परत येते का? कपडे कोणी काढून द्यावे लागतात का? स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची निगा असे सहा कप्पे. प्रत्येक कप्प्याला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे सगळं ठीक, तीन म्हणजे त्या कप्प्यात फारसं काही उरलं नाही. 'स्वतःची निगा' सोडून बाकी कप्प्यांत शून्य आणि एकच्या मध्ये अर्धा गुणही आहे, संशयाचा. सहा त्रिक अठरा. या बेरजेला तुम्ही सीडीआर-एसबी म्हणता आणि आजच्या कितीतरी चाचण्यांचा निकाल तिच्यावर लागतो.

त्यात एक प्रकार असा असतो. 'गेल्या आठवड्यात घडलेली एखादी गोष्ट तपशिलानं सांगा,' असं बाई मला म्हणायच्या. मी सांगायची : रविवारी भाचा आला होता, जाताना छत्री विसरला, ताई ती द्यायला जिन्यापर्यंत धावली. मग मी बाहेर, ताई आत. तिला विचारायचं, रविवारी कोण आलं होतं? जाताना काय झालं? मी बाकावर बसून बंद दाराकडे बघत राहायची. दर वेळी मला चहाडी करून आल्यासारखं वाटायचं.

तर या अर्ध्या गुणाबद्दल बोलायचं आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लेकानेमॅब या अल्झायमरच्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १,७९५ लोक, १८ महिने, दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध. दोन्ही गटांची प्रकृती खालावली, कारण हा आजार तसाच आहे. प्लासिबो (औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं) घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध घेणाऱ्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. बातम्यांत झळकला तो आकडा २७ टक्के. खोटं कोणीच बोललं नाही, ०.४५ ला १.६६ ने भागलं की २७ टक्केच येतात. पण १८ पैकी ०.४५ हा आकडा ऐकून माणूस एक प्रश्न विचारतो आणि २७ टक्के ऐकून दुसराच.

अर्धा गुण कसा पडतो ते मी पाहिलं आहे. एकदा 'घर आणि छंद' या कप्प्यापाशी बाईंचं पेन थांबलं. मी म्हटलं होतं, ताई अजून शब्दकोडं घेऊन बसते. त्यांनी विचारलं, सोडवते का? मी म्हटलं, बसते. त्यांनी परत विचारलं, सोडवते का? मी म्हटलं, अर्धंमुर्धं. त्या 'अर्ध्यामुर्ध्या'वर ०.५ पडला. आदल्या रात्री माझी झोप झाली असती तर मी कदाचित 'हो, सोडवते की' म्हणून गेले असते. शेकडो लोकांच्या सरासरीत अशी कमीजास्त उत्तरं एकमेकांना खोडून काढतात, हे मला कळतं. म्हणून मी त्या ०.४५ ला हसत नाही. उलट, एखाद्या माणसाच्या बाबतीत तो अर्धा गुण म्हणजे आणखी सहा महिने स्वतःच्या सहीनं पैसे काढता येणं असू शकतं. माझं म्हणणं इतकंच की तो अर्धा गुण कुणाच्या तरी तोंडून आलेला असतो आणि तुमच्या आलेखात शिरताना ते तोंड गळून पडतं.

ताई मुद्रितशोधक होती. ३० वर्षं तिनं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. चाचणीत शिरताना तिला ते लांबलचक माहितीपत्रक आणि संमतीपत्र मिळालं, तेव्हा तिनं पर्समधून पेन्सिल काढली आणि वाचता वाचता खुणा करत गेली. 'परीणाम' लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी पहिली वेलांटी दिसली. डॉक्टर हसले. वर्षभरानं सुधारित संमतीपत्र आलं. काही नवे धोके त्यात घातले होते आणि पुन्हा सही हवी होती. ताईनं पेन्सिल काढली, पानावर धरली, शेवटपर्यंत धरून ठेवली. एकही खूण नाही. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात 'परीणाम' तसाच होता. तिनं सही केली. त्या भेटीतल्या तिच्या गुणांत आधीच्यापेक्षा काहीही फरक नव्हता. पेन्सिलीचा कप्पा तुमच्या तक्त्यात नाही, त्यामुळे मी ते कुणाला सांगितलंही नाही.

आता रेणूंकडे येते. तिथे काय चाललंय हे समजून घेण्याचा मी माझ्या परीनं प्रयत्न केला आहे. रात्री ताई झोपल्यावर दुसरं करण्यासारखं काही नसायचं.

लेकानेमॅब घेतलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन पाहिले तर अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचा साठा इतका घटला होता की सरासरी 'निगेटिव्ह'च्या हद्दीत गेली. रेणूच्या बाजूनं हे दणदणीत यश आहे. म्हणजे घर झाडून लख्ख झालं आणि घरातलं माणूस हरवतच राहिलं, जरा सावकाश. १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमरनी ज्या गाठी आणि जे साठे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले, त्यांतले साठे आज आपण काढू शकतो. माणूस मात्र त्या प्रमाणात परत येत नाही. हे मधलं अंतर कशाचं आहे, हा मला तुमच्या शास्त्रातला सगळ्यात मोठा प्रश्न वाटतो, आणि पत्रकार परिषदेत नेमका तोच मागे पडतो.

याच्याही आधी तुम्ही हे अंतर पाहिलेलं आहे. अमिलॉइड तयार करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवणारी औषधं आली होती. सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणारे प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त खालावत होते. वेरुबेसेस्टॅटनं मेंदूभोवतीच्या द्रवातलं अमिलॉइड ६० टक्क्यांहून जास्त खाली आणलं. लक्ष्य अचूक साधलं. पण आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या लोकांना ते दिलं, त्यांची आकलनशक्ती प्लासिबोपेक्षा बिघडली. त्या विकराला मेंदूत दुसरीही कामं असतात, एवढं तरी त्यातून शिकायला मिळालं. पुढे अदुकानुमॅब या अमिलॉइड काढणाऱ्या औषधाला सल्लागार समितीचा विरोध असताना जून २०२१ मध्ये अमेरिकेत झटपट मंजुरी मिळाली, ती प्लाक (अमिलॉइडचे साठे) घटल्याच्या आधारावर. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनं ते औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि अमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दलचा 'नेचर'मधला २००६ चा गाजलेला निबंध जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचं दिसून आलं. अमिलॉइडचा सिद्धांत त्या एका निबंधावर उभा नव्हता, हे मी जिथे तिथे सांगत असते. पण १८ वर्षं लागली. ताईनं खूण केलेली वेलांटी दुसऱ्या मुद्रितात सुधारली नाही तर ती छापखान्यात फोन करायची.

हे सगळं वाचून 'बाईंना रेणूंवर राग आहे' असं वाटायला नको. रेणू आणि माणूस हातात हात घालून चाललेलेही मी वाचले आहेत, आणि वाचताना रडलेही आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी घ्या. एसएमएन१ नावाचं जनुक बिघडलेलं असतं, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरतात, आणि पहिल्या प्रकारची बहुतेक बाळं कायमच्या व्हेंटिलेटरशिवाय दोन वर्षांची होत नसत. पण निसर्गानं माणसाला या जनुकाची एक जवळजवळ सारखी प्रत दिलेली आहे, एसएमएन२. तिच्यातला कळीचा फरक एका अक्षराचा आहे. त्या एका अक्षरामुळे पेशी आरएनए, म्हणजे जनुकाची कामाची नक्कल, जुळवताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळते आणि प्रथिन अर्धवट निघतं. एड्रियन क्रेनर, फ्रँक बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आरएनएवर नेमक्या जागी चिकटणारी छोटीशी पट्टी बनवली. ती बसली की पेशी सातवा तुकडा गाळत नाही. नुसिनर्सेन हे त्या औषधाचं नाव, डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेलं. चाचणीत औषध मिळालेल्या बाळांपैकी ५१ टक्क्यांनी हालचालींच्या विकासाचा ठरवलेला टप्पा गाठला. न मिळालेल्यांपैकी एकाही बाळानं गाठला नाही. चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्यांना औषध दिलं. (एका अक्षराच्या चुकीवर बसवलेली पट्टी! ताईला हे मी तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हणजे शुद्धिपत्र." त्यानंतर या विषयावर मी वाचलेलं काहीही इतकं नेमकं नव्हतं.)

रेणू कधी कधी माणसाच्या पुढे धावतो, हेही खरं. एएलएस (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) झालेल्यांपैकी साधारण २ टक्के लोकांत एसओडी१ जनुकाचा दोष असतो. त्यांच्यासाठीच्या टोफर्सेनच्या चाचणीत २८ आठवड्यांनी मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नाही. म्हणजे ठरलेल्या नियमानं चाचणी फसली. पण न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन, जे मरणाऱ्या चेतातंतूंमधून गळून रक्तात येतं, ते निम्म्याहून खाली आलेलं होतं. पुढे वर्षभर पाहिलं तेव्हा ज्यांना औषध आधी सुरू झालं त्यांची घसरण उशिरा सुरू झालेल्यांपेक्षा कमी दिसली. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला जी मंजुरी मिळाली ती या प्रथिनाच्या आधारावर. तर मोजणी प्रथिनाची करा, जरूर करा. अमिलॉइड घटणं आणि न्यूरोफिलामेंट घटणं यांत फरक आहे : एकात कचरा कमी होतो, दुसऱ्यात पडझड कमी झाल्याची चाहूल लागते. हा फरक मला समजायला एक वर्ष लागलं. तुमच्यापैकी कुणीतरी तो एका परिच्छेदात आम्हाला सांगू शकलं असतं.

हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराबद्दल थोडं जास्त लिहिते. ताईचा आजार तो नव्हे, पण केंद्राच्या बाकावर त्या आजाराची कुटुंबं भेटायची आणि त्यांच्या घरी बातमीचा अर्थ वेगळा असतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी. जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली की आजार ठरलेला. मग माणूस ४० वर्षं धडधाकट कसा राहतो, हे कोडं होतं. जानेवारी २०२५ मध्ये 'सेल'मध्ये आलेल्या अभ्यासानं त्याचं एक उत्तर दिलं. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतल्या एकेका पेशीत ही पुनरावृत्ती मोजली, तर मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटममधल्या विशिष्ट पेशींत ती आयुष्यभर वाढत जाते असं दिसलं. ४० ची ८० व्हायला काही दशकं. मग वेग वाढतो. १५० च्या पुढे गेली की पेशीच्या कारभाराचा बोजवारा उडतो आणि ती मरते. तोवर पेशी जवळजवळ नेहमीसारखी असते. म्हणजे एका क्षणी मेंदूत बहुतेक पेशी अजून ठीकच असतात, आणि पुनरावृत्तीची वाढ रोखता आली तर वेळ हाताशी आहे. हे वाचून त्या बाकावर ओळख झालेल्या एका तरुणीनं मला विचारलं होतं, "म्हणजे माझ्यात आत्ता किती असतील?" जिवंत माणसाच्या मेंदूत शिरून ते मोजता येत नाही, हे मला तिला सांगावं लागलं. तिथे तुमच्यापैकी कोणी नव्हतं.

याच आजारात मार्च २०२१ मध्ये टोमिनर्सेनची चाचणी थांबली. दोषी प्रथिन घटवणारं औषध, मणक्यातून दिलेलं, आणि ज्यांना ते जास्त वेळा मिळालं त्यांची अवस्था प्लासिबोपेक्षा वाईट. मग सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी आली : एएमटी-१३० या जनुकोपचारानं तीन वर्षांत आजाराचा वेग ७५ टक्क्यांनी मंदावला. थेट मेंदूत, शस्त्रक्रियेनं, एकदाच द्यायचा उपचार. 'हंटिंग्टनवर प्रथमच यशस्वी उपचार' अशा अर्थाचे मथळे झळकले. ७५ टक्के हा आकडा जास्त मात्रा मिळालेल्या १२ जणांवरून काढलेला होता आणि तुलना प्लासिबोशी नव्हती, इतरत्र नोंदवलेल्या रुग्णांच्या माहितीशी होती. काही आठवड्यांतच कंपनीनं कळवलं की ही बाहेरची तुलना मंजुरीला पुरेशी आहे असं एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, आता वाटत नाही. उपचार चांगला ठरो, मनापासून ठरो. पण मथळ्यात ७५ लिहायला जेवढी जागा लागते तेवढीच १२ लिहायलाही लागते. ज्या घरात दोन मुलं आहेत आणि शक्यता निम्मी आहे, तिथे हे दोन आकडे एकत्र पोचायला हवेत.

उंदरांबद्दल फार लिहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये लिथियम आणि अल्झायमरवर आलेलं काम मला खरोखर रोचक वाटलं. पण ते प्रसिद्ध झालं त्या आठवड्यात मला चार जणांनी विचारलं की लिथियम ऑरोटेटच्या गोळ्या ताईला सुरू करू या का. स्मरणशक्ती परतली ती उंदरांची होती. आपोआप अल्झायमर न होणाऱ्या प्राण्याला तो जनुकं घालून करावा लागतो, एवढं एक वाक्य तुमच्या प्रसिद्धीपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात बसेल.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

१९९० च्या दशकात झॅनोमेलिन नावाचं औषध अल्झायमरसाठी तपासलं गेलं. मळमळ, उलट्या, घाम यांनी लोक इतके हैराण झाले की ते मागे पडलं. नेहमीच्या अर्थानं फसलेलं औषध. पण त्या चाचणीच्या १९९७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत आकलनाच्या गुणांशेजारी आणखीही काही नोंदवलेलं होतं : औषध घेणाऱ्यांचे भास, संशय, आरडाओरड, अस्वस्थता कमी झाली होती. जितकी मात्रा जास्त तितकं जास्त. ही नोंद टिकली. पुढे कुणीतरी विचार केला की पोटातला त्रास शरीरातल्या मस्कॅरिनिक ग्राहींमुळे (पेशींवरच्या, रसायनांचे संदेश झेलणाऱ्या जागांमुळे) होतो आणि फायदा मेंदूतल्या. मग शरीरातले ग्राही अडवणारं, पण मेंदूत फारसं न शिरणारं ट्रॉस्पियम त्याच्या जोडीला दिलं तर? सप्टेंबर २०२४ मध्ये ही जोडगोळी स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झाली. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आल्यापासून या आजाराच्या औषधांचा मुख्य भर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे ग्राही अडवण्यावर होता. दुसऱ्या वाटेनं जाणारं हे पहिलंच.

आता मला सांगा, म्हाताऱ्या माणसाचे भास कमी झालेत हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं? रात्री दोन वाजता खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवणारं माणूस आज झोपलंय, हे पाहायला त्या वेळी प्रयोगशाळेतलं कोणी हजर नसतं. फसलेल्या चाचणीत घरच्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट २५ वर्षांनी भलत्याच आजाराच्या कामी येऊ शकते, ती नोंदली गेली तर. ताईच्या चाचणीत मी पाहिलेलं असं बरंच काही आहे. औषध (किंवा पाणी) सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यापासून तिचं संध्याकाळचं येरझाऱ्या घालणं थांबलं. चाचणी बंद पडल्यावर पाच आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं. कदाचित योगायोग. कदाचित ऋतू. तुमच्या फॉर्ममध्ये 'प्रतिकूल घटना' लिहायला पानं होती. अनुकूल घटना लिहायला रकानाच नव्हता. मी बाईंना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न वाचला. त्यांचं चुकलं नाही, रकाना नव्हता.

म्हणून मागणं असं. स्टडी पार्टनरला एक कोरं पान द्या आणि ते पान फायलीत राहू द्या. आज ते वाचायला तुमच्याकडे माणसं नसतील, यंत्रं आहेत. फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांची कोट्यवधी जोडणी तुम्ही मोजून ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुली केलीत. मी रात्री एक वाजता तो नकाशा स्क्रीनवर फिरवून पाहिला आहे, फार सुंदर आहे. ज्यांना हे जमतं त्यांना काही हजार लोकांच्या हस्ताक्षरातली पानं जड जायला नकोत.

दुसरं, निकाल कळवा. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा वाचला तर सहभागी झालेल्यांना अभ्यासाचा एकूण निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय द्यावा असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आम्हाला चाचणी बंद झाल्याचं फोनवर कळलं, 'अपेक्षित परिणाम दिसला नाही' या एका वाक्यात. सविस्तर कळवू म्हणाले. केंद्रातल्या ज्या बाई मला प्रश्न विचारायच्या, त्यांचं काम तिथलं संपलं. निष्कर्ष कुठे छापले गेले का, हे मी अजून शोधते आहे. दीड वर्षात ताईचे इतके एमआरआय झाले, दोनदा मणक्यातून पाणी काढलं, किती नळ्या रक्त गेलं याची गणती नाही. ते रक्त कुठल्या तरी फ्रीझरमध्ये असेल, आणि असूच दे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्तातल्या पी-टाऊ२१७ या प्रथिनावर आधारलेल्या अल्झायमरच्या चाचणीला परवानगी मिळाली, ती लोकांनी अशीच रक्तं दिली म्हणून. मणक्यात सुई न घालता निदानाच्या जवळ जाता येणार असेल तर ताईच्या नळ्या सत्कारणी लागल्या म्हणायच्या. फक्त त्याचबरोबर हेही ठरवा की तो कागद हातात पडल्यावर त्या माणसाशी बोलायला कोण बसणार आहे. ज्यांना लक्षणं आहेत त्यांच्यासाठी ती चाचणी आहे हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांना नुसती भीती आहे तेही रांगेत उभे राहतील.

आणि तिसरी गोष्ट माझी एकटीची आहे. डबल ब्लाइंड चाचणीत कोणाला काय मिळालं हे शेवटपर्यंत गुप्त ठेवतात, ते योग्यच आहे. पण आमची चाचणी संपून तीन वर्षं झाली. ताईच्या कागदपत्रांवर सहभागी व्यक्तीचा एक क्रमांक आहे, तो मी जपून ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणाच्या तरी संगणकात त्या क्रमांकासमोर एक अक्षर असेल, औषध की पाणी ते सांगणारं. ज्या तीन महिन्यांनंतर तिच्या येरझाऱ्या थांबल्या, ते औषध होतं की मी तिच्याजवळ बसायला लागले होते म्हणून, एवढं मला कळून घ्यायचं आहे.

ताई अजून आहे. पेन्सिल हातात दिली तर धरते. तेव्हा जरा लवकर कळवा.

आपली,
एक स्टडी पार्टनर